गफूरभाईचा हात आन सीओटूची वायर

वेल्डिंगच्या गनला म्होरं एक पितळी नळी असते, नोझल म्हणतात तिला. काम करताना तिच्यात लोखंडाचे शिंतोडे बसतात. एकेक बसतो तवा कळत बी न्हाई. मग एक दिवस बगावं तर आख्खी नळी चोंदलेली! किस्स्याचं बी तसंच हाय बगा. शेडात रोज एखादा घडायचा, आमी हसून सोडून द्यायचो. आता शेड न्हाई, त्या जागेवर मंगल कार्यालय झालंय, आन माझ्या डोक्याची नळी पार चोंदून गेलीय. म्हणून जरा खरवडून काढतो.

माझी शाळा चौथीलाच सुटली. बोलतो तसंच लिहून राहिलो. शुद्ध-अशुद्ध तुमचं तुमी बगून घ्या.

* * *

उदगीरला नांदेड रोडला आमची शेड. मालक मन्मथअप्पा. लिंगायत माणूस, गळ्यात लिंग, कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, बोलणं कमी. कारागीर आमी दोघं. गफूरभाई वेल्डर, आन मी नागू, कटिंग-फिटिंगवाला. गफूरभाई पक्के नमाजी, अप्पा पक्के पूजेवाले. मी कशातच न्हाई, म्हणून दोघांच्या बी खोड्या काढायला मोकळा!

अप्पानं नांदेडहून सेकंड हँड सीओटू मशीन आणली, वेल्डिंगची. हिच्यात घडीघडी रॉड बदलायची कटकट नसते. वायरचं बंडल मशीनीत बसवायचं, दोन रोलर ती वायर ढकलतेत, लांब पाइपातून ती गनच्या तोंडाशी येते. खटका दाबला की वायर आपोआप बाहेर, आन जोड सुरू.

अप्पानं नारळ फोडला. मशीनीच्या तोंडावर विभूतीचे तीन पट्टे वढले. शेडातल्या ड्रिलला, कटरला, सगळ्यालाच रोज सकाळी पट्टे असायचे, ही तर नवी सून! हात जोडून अप्पानं डोळे मिटले. गन त्यांच्या पायापाशीच पडलेली. मी हळूच पायानं खटका दाबला.

सरसर सरसर वायर निघाली, आन अप्पाच्या अंगठ्याला जाऊन टेकली!

अप्पा दचकून मागं सरले. मी म्हणलो, "अप्पा, पाया पडायलीय!"

अप्पानं एकदा त्या वायरकडं बगितलं. मग खाली वाकले, वायरला हात लावला आन म्हणले, "सुखी राहा."

गफूरभाई मागून म्हणले, "नागू, आदमी से मजाक कर. मशीनको मजाक नक्को सिखा!"

* * *

गफूरभाईला मशीनीचा आवाज कळायचा. वायर नीट चालली की कढईत भजी सोडल्यासारखा एकसारखा आवाज येतो. अडकली की दमेकऱ्यासारखी खोकते. थुक... थुक-थुक... थुक.

एकदा ते नमाजला गेले, आन मी रोलरची स्प्रिंग पार आवळून ठेवली. स्प्रिंग लई आवळली आन वायर म्होरं जराशी बी अटकली, की ती रोलरपाशीच गुंडाळी होऊन बसते. गफूरभाई आले, खटका दाबला, आन आत असा गुंता झाला जसा सुगरणीनं खोपा केलाय!

त्यांनी गुंता कापला, स्प्रिंग ढिली केली, वायर परत ओवली. मला एक शब्द बोलले न्हाईत. मला वाटलं, सुटलो.

दुपारी जेवायला बसलो. माझा डबा उघडंना! वढून बगितला, आपटून बगितला. मग दिसलं, झाकणाला बारीक बारीक टाके मारलेले. वेल्डिंगचे! छिन्नी-हातोडी घेऊन डबा फोडला तर भाकरीत सगळा लोखंडाचा भुगा.

गफूरभाई समोर बसून शांत चावायलेले. म्हणले, "स्प्रिंग ज्यादा टाईट हुई, नागू. थोडी ढिली कर."

आन आपल्या डब्यातली अर्धी भाकर माझ्याकडं सरकवली.

* * *

मग तो दुष्काळ आला, लातूरला रेल्वेनं पाणी आणलं तवाचा. आमच्या उदगीरात बी नळ कोरडे. माणसाची तोंडं सुकलेली आन आमच्या शेडापुढं टँकरची रांग. ज्याला त्याला टँकर पाहिजे. असा धंदा आमी कवा बगितला नव्हता, आन असा धंदा वैऱ्याला बी नको.

आता गंमत बगा. टँकर गळतो का ते बगायला त्याच्यात पाणी भरावं लागतं. पाणी कुठून आणावं? पाण्यासाठीच तर टँकर!

म्हणून आमी उलटं करायचो. मी वरच्या तोंडातून टँकरात उतरायचो, वरून झाकण लावायचे. आत काळाकुट्ट अंधार. जोडात कुठं भोक असलं तर बाहेरच्या उन्हाचा ठिपका दिसतो. दिसला की खडूनं गोल करायचा. पर गफूरभाईच्या जोडात कवाच ठिपका दिसला न्हाई. माझी तर आत डुलकी व्हायची!

एकदा मी आत असताना एक सरपंच आले. टँकरला थाप मारून अप्पाला विचारायलेत, "कवा मिळंल हो आमाला?"

मी आतून घोगरा आवाज काढला, "पाणी न्हाई! उद्या या!"

मला वाटलं, माणूस घाबरून पळंल. मग सरपंचाचा आवाज आला, हळू, एकदम गरीब.

"उद्या तरी नक्की ना, साहेब?"

मला आत हसू आलं न्हाई.

* * *

त्याच दिवसात दुसरी एक हवा होती. उदगीर जिल्हा होणार! लातूर जसं उस्मानाबादेतून निघालं तसं उदगीर लातुरातून निघणार. चहाच्या टपरीवर भांडणं, कलेक्टर हापीस कुठल्या रोडला पाहिजे म्हणून. पाणी एका घागरीचं न्हाई, पर कलेक्टर पाहिजे!

अप्पाला तर लई घाई. जाड पत्र्याची मोठी पाटी केली. वर शेडचं नाव, आन खाली त्याच्यापेक्षा मोठं, "जिल्हा उदगीर". गफूरभाईनं ती अक्षरं पत्र्यावर वायरनंच लिहिली, उठावाची. हात फिरवला तर आंधळ्याला बी वाचता यावं अशी.

घोषणेचा म्हणून जो दिवस सांगायलेले तो आला आन गेला. काय न्हाई. अप्पानं पाटी भिंतीकडं तोंड करून ठेवली, रुसलेल्या पोरासारखी.

पुढं एका टँकराला पत्रा कमी पडला. पाणी हिंदकळू नये म्हणून आतमधी आडवा पत्रा लावतात, तो. अप्पा म्हणले, "ती पाटी लावा."

"अप्पा, जिल्हा?"

"लाव म्हणलं ना!"

लावली. आमचा जिल्हा उदगीर असा टँकरात बसून गावोगाव हिंडला. गफूरभाई म्हणले, "अप्पा, सरकारनं केला असता तर एवढं पाणी नसतं भेटलं त्याला."

अप्पा हसले. त्यांचं तसं हसणं मग लई दिवस बगायला मिळालं न्हाई.

* * *

दुष्काळात अप्पाची अडचण येगळीच. अंघोळ केल्याबिगर पूजा न्हाई, पूजा केल्याबिगर घास न्हाई. आन अंघोळीला पाणी कुठं? अक्का, म्हंजे अप्पाची मंडळी, त्यांनी साफ सांगितलं, "प्यायच्या हंड्याला हात लावाल तर बगा!"

मग मठातल्या स्वामींनी तोड सांगितली. अंगाला विभूती चोळायची, ती बी अंघोळच. झालं! अप्पा रोज सकाळी शेडात यायचे ते पांढरेफटक. मी विचारायचो, "अप्पा, आज डोक्यावरून का नुसते हातपाय?"

मशीनीची पूजा बी वाढली. पट्टे वढून झाले की उरलेली चिमूट अप्पा वायरच्या बंडलावर सोडायचे. "वायर म्हंजे हिचा श्वास हाय," म्हणायचे. बंडलाचं झाकण कवाच तुटलेलं. पाऊस पडू दे म्हणून चिमूट, टँकर नीट जाऊ दे म्हणून चिमूट.

आन मशीन खोकायला लागली. थुक... थुक-थुक.

गफूरभाईनं समदं करून बगितलं. गनच्या तोंडाची टिप बदलली. रोलरची खाच साफ केली. स्प्रिंग बगितली, आन माझ्याकडं बी बगितलं. मी कानाला हात लावला, "देवाशप्पथ न्हाई!" बंडलाचा ब्रेक ढिला केला. पाइप वाकडा राहिला की वायर घासते, म्हणून पाइप सरळ अंथरला. तरी खोकला जाईना.

शेवटी लायनर काढला. लायनर म्हंजे पाइपाच्या पोटातली लांब स्प्रिंग, सायकलच्या ब्रेकच्या वायरवर असते तशी. हिच्यातून वायर म्होरं जाते. कॉम्प्रेसरची हवा मारली तर पांढरं पीठ उडालं! गफूरभाईनं बोटावर घेऊन बगितलं. मी बगितलं. दोघांनी बी ओळखलं.

"अप्पाला सांगा की," मी म्हणलो.

"मैं?" गफूरभाईनं बोट पँटीला पुसायला नेलं, आन न पुसताच मागं घेतलं. "उनों भगवान का नाम लेको डालते, नागू. मैं मुसलमान आदमी. मैं कैसा बोलूं, तुम्हारी राख नक्को?"

मग मीच गेलो. "अप्पा, तुमच्या विभूतीनं वायर अडकायलीय."

अप्पा म्हणले, "हाव. आधी मशीन पाया पडली. मग टँकर बोलला. आता विभूती आडवी आली. जा, काम कर!"

जिंदगीत एकदा खरं बोललो, आन शेडात सगळ्यात भारी इनोद तोच झाला.

तवापासून अप्पा जेवायला घरी गेले की गफूरभाई गुपचूप लायनर काढायचे, हवा मारायचे, परत बसवायचे. खाली पडलेली विभूती कागदावर गोळा करून झाडाच्या बुडाला नेऊन टाकायचे. कुणाचा पाय पडू नये म्हणून.

* * *

मग टँकरची घाई एवढी झाली की अप्पा दुपारी घरी जाईनात, डबा शेडातच यायला लागला. लायनर काढायची सोयच राहिली न्हाई.

एका सकाळी मी टँकरात उतरलो. झाकण लागलं. अंधारात बगतो तर चांदण्या! गफूरभाईच्या जोडात! वायर अडकत चालली की जोडात बारीक भोकं राहतात, त्याच त्या. मी हळूच गफूरभाईला दाखवल्या. त्यांचं तोंड असं झालं जसं घरातलं कोणी आजारी पडलंय. बसून एकेक भोक भरलं. आमाला वाटलं, भरली सगळी.

तो टँकर भोकरकडच्या एका गावाचा. दुसऱ्या खेपेलाच डायव्हर भांडत आला. टँकर खालून गळायला लागलेला. रस्त्यानं जे गाव लागंल तिथली बायामाणसं घागरी घेऊन टँकरमागं पळायलेली. ह्यानं थांबवला तर अजून गर्दी, पळवला तर अजून धार!

"अप्पा," डायव्हर म्हणला, "गावात पोचलो तवा टँकरात नुसता आवाज शिल्लक होता!"

दुसरा कुठला दिवस असता तर ह्या वाक्यावर मी महिनाभर हसलो असतो.

"लोक दुपारपासून रांगेत हंडे लावून बसलेले, अप्पा. मला काय बोलले न्हाईत. हंडे उचलून गेले."

अप्पा कवाच वरडत न्हाईत. त्या दिवशी बी वरडले न्हाईत. गफूरभाईपाशी आले आन हळू म्हणले, "गफूर, तुझा हात थरथरायलाय आता. वय झालं. मी दुसरा माणूस बगतो."

मी बोललो तर परत इनोदच ठरणार, म्हणून गफूरभाईकडं बगायलो, मनात म्हणायलो, सांगा. आता तरी सांगा.

"हौ अप्पा," ते म्हणले. "थक गया हात."

गन हुकाला अडकवली. पाइप जरा वाकडा होता, तो सरळ अंथरला. चप्पल घातली आन गेले.

उदगीरात बातमी लागलीच फिरली. ज्याचा टँकर गळाला त्याला कोण काम देणार? प्रत्येक शेडवाल्यानं चहा पाजला, काम न्हाई दिलं. मग गफूरभाई नायगावला गेले, लेकीकडं. जावयाचं ग्रीलचं दुकान हाय तिथं. जावयाच्या दारात मजुरी! माणूस उपाशी राहील, पर हे करणार न्हाई. त्यांनी केलं.

* * *

अप्पानं देगलूरचा एक वेल्डर आणला. गडी जवान, दंड हा एवढा. पहिल्याच जोडाला मशीन खोकली. थुक... थुक-थुक.

मी म्हणलो, "अप्पा, ह्याचा बी हात थरथरायलाय का?"

अप्पानं सरळ नांदेडला फोन लावला. मशीनी दुरुस्त करणारे एक सरदारजी होते, ते नवा लायनर घेऊन आले. जुना काढला, टेबलावर उभा धरून झटकला. पांढरा ढीग पडला.

सरदारजी म्हणले, "अप्पाजी, मशीन में आटा पिसते हो क्या?"

कोणी हसलं न्हाई. सरदारजीला वाटलं आपलं काही चुकलं, बिचारे गप लायनर बसवायला लागले.

अप्पानं चिमूट घेतली. नाकापाशी नेली. वास घेतला आन तसेच उभे राहिले. मग खांद्यावरचा टॉवेल काढून टेबल पुसायला गेले, आन हात थांबला. विभूती फडक्यानं कशी पुसायची? सगळी तळहातावर गोळा केली. आता टाकता येईना आन कपाळाला लावता येईना. मूठ मिटून माणूस शेडाच्या मधोमध उभा!

मग म्हणले, "नागू, तू सांगितलं होतंस."

"हाव अप्पा."

"गफूरला म्हाईत होतं?"

"हाव."

अप्पा म्हणले, "मग बोलला का न्हाई?" आन माझ्या उत्तराची वाट न बगता बाहेर गेले.

* * *

आता शेवटचा.

दुसऱ्या दिवशी अप्पा आन मी एसटीनं नायगावला गेलो. वाटेत अप्पा एकच बोलले, "जावई कसा हाय रे त्याचा?" मी म्हणलो, "चांगला हाय." मला काय म्हाईत?

दुकान रस्त्याच्या कडंलाच. गफूरभाई खाली उकिडवे बसून खिडकीची ग्रील जोडायलेले, साध्या मशीनीवर, रॉडनं. आमाला बगून गुडघ्यावर हात देऊन उठायला लागले. अप्पा म्हणले, "बस, बस," आन स्वतः धोतर सावरून त्यांच्यापुढं मातीत उकिडवे बसले. जावयानं पळत जाऊन खुर्ची आणली. अप्पा उठंनात. मग मीच बसलो खुर्चीवर. कोणीतरी बसावं की!

चहा आला.

"लायनर बदलला, गफूर."

"अच्छा किया."

"वायर आता सरळ चालायलीय."

"चलना च. मशीन अच्छी है वो."

रस्त्यानं एक टँकर गेला, दोघांनी बी मान वर करून त्याचे जोड बगितले.

"चल की मग परत," अप्पा म्हणले.

गफूरभाईनं जावयाकडं बगितलं. "शाळेच्या खिडक्या घेतल्यात, अप्पा. जबान दिलीय. टाकून कसा येऊ?"

"झाल्यावर ये."

"झाल्यावर बगू."

'झाल्यावर बगू' म्हंजे काय, ते आमच्याकडं लहान लेकराला बी कळतं. अप्पाला बी कळलं. मातीत बोटानं रेघा वढत बसले.

"गफूर, त्या लायनरात..." एवढं बोलले आन अडकले.

गफूरभाईनंच पुरं केलं. "धूल थी, अप्पा. दुष्काळ हाय. धूल तो सब जगह है."

अप्पानं मान हलवली. "धूळ नव्हती, गफूर."

गफूरभाईनं कप खाली ठेवला. होल्डरला रॉड लावला. एका हातानं वेल्डिंगची काच तोंडापुढं धरली आन म्हणले, "अप्पा, आँख फेरो."

आमी दोघांनी तोंडं फिरवली. मागं उजेड भडकला, तडतड सुरू झाली. लई वेळ चालली. एक रॉड संपला, त्यांनी दुसरा लावला. अप्पा रस्त्याकडं बगत मातीत तसेच बसलेले.

तडतड थांबल्यावर मी वळून बगितलं. काच अजून तोंडापुढंच होती. गफूरभाईच्या पायापाशी एक लोखंडी पट्टी, अजून लाल, आन तिच्यावर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत वेल्डिंगची रेघ. सरळ. एकसारखी. छापल्यासारखी, कुठं थरथर न्हाई.

पट्टी आख्खी एकच होती, तिच्यात जोडायचं काहीच नव्हतं.